पाकिटावरचा पत्ता

१२ एप्रिल, रविवार. वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या मिरच्यांची देठं खुडायला मी सकाळीच गच्चीवर बसले. बुऱ्हाणपूरला एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर गच्चीवर मिरच्यांनी थांबावं, माणसांनी नाही, म्हणून हे काम लवकर उरकायचं असा माझा नियम आहे. हाताला तेल लावलं होतं, नाकावर पदर बांधला होता. समोर जुन्या चादरीवर नणंद बसली होती. तिचा हात माझ्याहून वेगात चालत होता. तिचा हात नेहमीच माझ्याहून वेगात चालतो.

नणंद वयाने माझ्याहून लहान आहे, पण नवऱ्याची बहीण म्हणून लग्न झाल्यापासून मी तिला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. लिहिताना मात्र एकेरीच बरं वाटतं. लग्नानंतर चारेक वर्षांत तिचा नवरा कावीळ होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी आली, थोडे दिवस रडली, मग खंडव्याला जाऊन लॅबचा कोर्स करून आली. तेव्हापासून शनवारा दरवाज्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रक्त काढायला तिच्यासारखा हात नाही. निंबोल्याहून, शाहपूरहून येणारी माणसं बाकावर बसून राहतात, पण सुई त्याच बाईंकडून टोचून घ्यायची म्हणतात.

आमचे हे खाली गेले होते. रविवारी पोहे-जलेबी आणायचं काम त्यांचं. ते परत आले ते जिन्यावरूनच हाक मारत.

"अगं, जरा खाली ये."

"इथेच बोला. हाताला मिरची आहे."

त्यांनी बहिणीकडे बघितलं, मग जलेबीच्या पुड्याकडे. "खालीच ये."

मी स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी पुडा ओट्यावर ठेवला आणि दार लोटून घेतलं. आमच्या घरात दार लोटून बोलायची वेळ फार येत नाही.

"चौकातल्या केबलवाल्याने विचारलं, तुमच्याकडे कोणाचं लग्न काढलंय."

"कोणाचं?"

"तेच तर. म्हणे, भाईसाब, तुमच्या कनेक्शनवरून ती लग्न जुळवायची साइट रोज उघडते. मुलासाठी बघत असाल तर सांगा, माझ्या साडूची मुलगी आहे, बी.कॉम. झालेली, गोरी आहे."

आमचा मुलगा इंदूरला दुसऱ्या वर्षात शिकतो आणि अजून स्वतःचे मोजे शोधू शकत नाही. मुलीचं लग्न होऊन ती अकोल्याला आहे. घरात राहिलो आम्ही तिघं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मुलगा तर शिकतोय. तर तो हसला. म्हणाला, फिर किसके लिए, भाईसाब? दुकानात दोन-तीन माणसं होती, ती पण बघायला लागली. मला काही सुचेना. मी म्हटलं, आमचं वायफाय अर्धी गल्ली वापरते, कोण काय बघतं मला काय माहीत."

एवढं सांगून ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मोठी बाजी मारून आले आहेत.

इथे आमच्या गल्लीची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्याकडे विरजण कधी विकत आणत नाहीत. दही संपलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. मिक्सर बिघडला की शेजारचा आणायचा. सिलिंडर संपला की शेजारचा भरलेला लावायचा आणि आपला आला की त्यांच्याकडे पोहोचवायचा. वायफायही त्याच हिशेबात बसलं. शेजारच्या मुलीचे शाळेचे वर्ग फोनवर सुरू झाले तेव्हा तिची आई पासवर्ड मागायला आली, मी दिला. मग पलीकडच्यांनी मागितला. विरजणासारखंच. फक्त वाटी लागत नाही, एवढाच फरक.

आणि केबलवाला म्हणजे परका माणूस नव्हे. आधी तो घरोघरी चॅनल देत असे, मग त्याच खांबांवरून त्याने इंटरनेटच्या तारा ओढल्या. पावसात खांबावर चढून तार जोडून देणारा माणूस आहे. कोणाच्या घरी गमी झाली, कोणी वारलं तर खुर्च्या आणायला तोच पुढे. पण कनेक्शन घरटी एक घ्यायचं, हा त्याचा नियम. आमच्या ह्यांनी बहिणीला झाकायला जे वाक्य फेकलं, त्याने गल्लीचं हे गुपित मात्र त्याच्या हातात दिलं.

मी असल्या गोष्टी घोळवत नाही. जलेबी डब्यात काढली, गच्चीवर गेले आणि नणंदेला जसं ऐकलं तसं सांगितलं.

तिने हातातल्या मिरचीचं देठ खुडलं, मिरची ढिगावर टाकली.

"साइट मीच बघते, वहिनी."

"ते कळलं मला."

"मी फोनवरची ती गुप्त, इन्कॉग्निटो खिडकी उघडून बघत होते. वाटलं, त्यात सगळं झाकलं जातं." ती जराशी थांबली. स्वतःवर चिडली की ती अशीच थांबते. "ती खिडकी आपल्याच फोनपासून झाकते. तो मागे काही ठेवत नाही, एवढंच. तार तर त्याच्या दुकानातूनच जाते ना. मला आधी सुचायला हवं होतं."

तिने हे लपवलं ह्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. काही वर्षांपूर्वी रावेरहून तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. तिने माणूस बघायच्या आधी गल्लीने बघून घेतला. कोणी त्याच्या शेतीची चौकशी केली, कोणी तिला साडीचा रंग सुचवला, समाजाच्या मंडळातल्या एका बाईंनी तर पेढे मागितले. मग तो माणूस आला, तिने त्याच्याशी बोलून बघितलं आणि नाही म्हणाली. त्यानंतर वर्षभर ती लॅबला निघाली की कोणी ना कोणी अडवायचं. का गं नाही म्हणालीस? काय कमी होतं? ह्या वयात किती बघशील? ती प्रत्येकीला काहीतरी सांगून पुढे जायची. त्या वेळी तिने मला एकच गोष्ट सांगितली होती, आणि तीच तिने आज परत सांगितली.

"हो म्हणायला मला कोणाची भीती नाही, वहिनी. नाही म्हणायचं असेल तर मोकळेपणी म्हणता यावं. चाळीस जणांना कारण न सांगता. म्हणून म्हटलं, ह्या वेळी मी एकटीने बघीन."

"कोणी बघितलाय का?"

"भुसावळचा आहे. बोलणं चाललंय. उद्या भेटायचं ठरलंय." मग लगेच, "अजून काही नाही."

म्हणजे उद्यापर्यंत हे गल्लीच्या तोंडी लागू नये, एवढंच तिला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीला एक दिवस पुरे होता, पण आमच्या चौकाला एक दिवसही लागत नाही.

आम्ही मिरच्या उन्हात पसरून खाली जायच्या बेतात होतो आणि शेजारच्या घरातून आवाज चढला. आमच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते ऐकायला कान लावावा लागत नाही, झाकून घ्यावा लागतो.

"कोण आहे तो? सांग! लग्नाची घाई झालीय का तुला?"

"मम्मी, मैंने कुछ नहीं किया! सच्ची!"

"मग ते काय खोटं बोलतात? त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं सगळं!"

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. केबलवाला ह्यांचं वाक्य ऐकून स्कूटरवर बसला आणि थेट शेजारच्या दारात गेला. तुम्ही दुसऱ्याचं नेट वापरता, आपलं कनेक्शन घ्या, असं म्हणाला. शेजारीण नाही नाही म्हणायला लागली तशी त्याने वर टाकलं, नाही कसं, भाभी, त्या कनेक्शनवरून तर लग्नाच्या साइट बघतात, ते काय म्हाताऱ्या माणसांचं काम आहे? शेजारणीची एकच मुलगी, कॉलेजात जाणारी. शेजारणीने तिचा फोन काढून घेतला होता आणि आता कॉलेज बंद करण्यापर्यंत गोष्ट आली होती.

नणंद उठली. गच्चीवरच्या नळाखाली हात धुवायला लागली. मिरचीचे हात, त्यामुळे आधी तेल, मग साबण, मग परत साबण. घाईतसुद्धा एक पायरी सोडली नाही.

"ताई, थांबा," मी म्हटलं. "जरा वेळ जाऊ द्या. तिची आई दुपारपर्यंत थंड होते. मग मी जाऊन काहीतरी सांगते. जाहिरात आपोआप उघडते म्हणून सांगू."

मला अजूनही वाटतं की माझा बेत वाईट नव्हता. त्याने काम झालं असतं.

"तोपर्यंत त्या पोरीने काय करायचं?" ती म्हणाली. "मला झाकायला दादाने तिला उघडं पाडलं. मला नाही चालणार ते."

आणि साडी जरा वर धरून तिने भिंत ओलांडली. मी मागे गेले. मला भिंत ओलांडायला दोनदा प्रयत्न करावा लागला, हे लिहायची गरज नाही, पण खरं आहे.

शेजारीण जिन्याच्या तोंडाशीच होती. मुलगी भिंतीला टेकून रडत होती.

"ती साइट मी बघते," नणंद म्हणाली. "तुमच्या मुलीचा काही संबंध नाही. तिचा फोन द्या."

शेजारीण तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी मान हलवली.

"तुम्ही? ताई, ह्या वयात?"

"हो. ह्या वयात पगार माझा आहे आणि डोळेही माझेच आहेत."

मुलीच्या रडण्यात मधेच हसू फुटलं, ते तिने ओढणीत दाबलं. शेजारणीने फोन मुलीच्या हातात दिला. रागाने नव्हे, अगदी हळू.

"तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला कळणं गरजेचं होतं," नणंद म्हणाली. "बाकीच्यांना कळायची गरज नाही."

"मी कशाला सांगू? कसम से, ताई."

ह्या शेजारणीची शपथ साधारण नळाला पाणी येईपर्यंत टिकते. पण ह्या वेळी ती टिकली, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते. मला वाटतं, कोणी इतकं सरळ येऊन आपली गोष्ट आपल्या हातात देईल, असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं असावं. ऐकीव गोष्ट माणूस सहज पुढे ढकलतो. विश्वासाने दिलेली ढकलताना हात अडखळतो.

दुपारी कोणी झोपलं नाही. ह्यांनी दोनदा बहिणीची माफी मागितली आणि दोन्ही वेळा तिने त्यांना जलेबी वाढली. संध्याकाळी ती म्हणाली, "मी चौकात जाऊन येते." मी चप्पल घातली. तिला सोबत हवी होती म्हणून नव्हे. मला बघायचं होतं म्हणून.

केबलवाल्याचं दुकान म्हणजे एक टेबल, तारांची भेंडोळी, भिंतीला लावलेले जुने राउटर आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून ठेवलेला एक मोठा स्क्रीन. आम्ही गेलो तेव्हा दुकानात दोघं जण तक्रार घेऊन आले होते. तिला बघून तो चपापला, पण लगेच सावरला.

"आओ दीदी, बैठो. अरे, चहा सांग रे तिकडे. गोड सांग."

ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि गप्प राहिली. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली नाही. त्या दोघांची तक्रार ऐकून झाली, त्यातला एक उगाच रेंगाळला, क्रिकेटबद्दल बोलत राहिला. तोही गेला. तेव्हा ती बोलली.

"तू आज सकाळी दादाला जे सांगितलंस, ते गिऱ्हाइकांसमोर सांगितलंस. मी त्यांच्यासमोर सांगणार नव्हते, म्हणून थांबले."

"दीदी, मैंने तो अच्छे के लिए बोला. मी तर घरचा माणूस."

"म्हणूनच आले. परक्याकडे गेले नसते." ती जराही आवाज न चढवता बोलत होती. लॅबमध्ये 'मूठ आवळा' म्हणते त्याच आवाजात. "तुला काय काय दिसतं ते दाखव मला."

त्याने स्क्रीन वळवला. माझा समज होता की त्याला आपल्या फोनवरचं सगळं चित्र तसंच्या तसं दिसत असेल. तसं नव्हतं. घराचं नाव, वेळ आणि कोणत्या साइटला गेलं त्याचं नाव, एवढंच. त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता, जसा आपल्या दुकानातला माल दाखवताना असतो.

"आत काय बघता, काय लिहिता, ते नाही दिसत दीदी. खरं सांगतो. फक्त कुठे गेले ते."

"हो. पाकीट बंद असतं. पाकिटावरचा पत्ता दिसतो." ती म्हणाली. "आमच्याकडे रिपोर्ट पाकिटात बंद करून देतात, माहितीय ना तुला? पण ते पाकीट हार्टच्या डॉक्टरकडे चाललंय की बायकांच्या डॉक्टरकडे, हे वरच्या पत्त्यावरूनच कळतं. म्हणून आम्ही तो पत्ताही मोठ्याने वाचत नाही."

त्याने टेबलावरची एक तार उचलून गुंडाळायला घेतली.

"ह्या मोहल्ल्यातली सगळी माणसं आमच्याकडे सुई टोचून घ्यायला येतात. कोणाचं काय निघालं, ते तू कधी चौकात ऐकलंस?"

"नाही, दीदी."

"का नाही ऐकलंस?"

चहा आला होता. त्याने कप उचलला होता, तो तसाच टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. 

"नोंद ठेवायचा नियम असेल तर नोंद ठेव," ती म्हणाली. "नोंद ठेवणं वेगळं आणि दुकानात वाचून दाखवणं वेगळं. ती शेजारची पोर आज सकाळपासून रडली. ती तुझीही ओळखीची आहे."

"ती रडली?" हे त्याला खरंच माहीत नव्हतं. माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहिलं आहे. तो उठला, स्क्रीन भिंतीकडे फिरवला, मग काय वाटलं कोण जाणे, बंदच केला. "मी जाऊन सांगतो त्यांना. माझी चूक झाली म्हणतो."

"जा. आणि आमच्या राउटरचा पासवर्ड तू लावलेला आहे, तो मी आज बदलणार."

"मग काही बिघडलं तर?"

"तर तुलाच बोलावीन. दुसरं कोण आहे?"

ह्यावर तो हसला. चहा मात्र प्यायला नाही. आम्ही निघालो तेव्हा पोऱ्याला सांगत होता की उद्यापासून त्याचा चहा बिनसाखरेचा.

वाटेत मी तिला विचारलं, "त्याचं काही निघालं होतं का?"

"कोणाचं?" ती म्हणाली, आणि भाजीच्या गाडीपाशी थांबून गिलके निवडायला लागली.

एकाच घरात आम्ही इतकी वर्षं राहतो. तिला आमच्या सगळ्या गल्लीचं रक्त माहीत आहे. कोणाला साखर, कोणाला दिवस गेले आणि कोणाचे राहिले नाहीत, कोणाच्या मुलाला कसली तपासणी गुपचूप करावी लागली. ती रोज संध्याकाळी हे सगळं घेऊन घरी येते आणि जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलते. मी ह्या गोष्टीला कधी गुण समजले नव्हते. मला वाटायचं, स्वभाव अबोल आहे. त्या दिवशी गिलके निवडताना तिच्याकडे बघून मला कळलं की हे रोज करावं लागणारं काम आहे आणि ती ते रोज करते. गच्चीवर भिंत ओलांडून जिने स्वतःचं गुपित सांगून टाकलं, तिने दुसऱ्याचं मात्र मलाही दिलं नाही.

घरी आल्यावर ती राउटरपाशी बसली. ह्यांनी चष्मा लावला आणि मी कणीक मळायला घेतली. ती करत होती आणि करता करता सांगत होती, कारण उद्या ती घरी नसताना काही बंद पडलं तर आम्हाला कळायला हवं.

पहिल्यांदा पासवर्ड बदलला. त्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करायची सोय असते, ती तिने शोधून काढली. शेजाऱ्यांनाही द्यायचं, पण वेगळ्या दाराने. दही द्यायचं तर वाटीत द्यायचं, अख्खं पातेलं चुलीपाशी उघडं ठेवायचं नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तसंच."

मग फोन. साइटचं नाव टाकलं की ती कुठे आहे, हे फोन आधी कोणाला तरी विचारतो आणि आजवर तो केबलवाल्यालाच विचारत होता. फोनच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं, आणि विचारणंही बंद पाकिटातून होतं. तिने तिघांच्या फोनवर ते बदललं.

"झालं?" हे म्हणाले.

"अर्धं झालं. विचारणं झाकलं. पण जायला तर त्याच्याच तारेवरून जायचं ना, तेव्हा जाताना पत्ता दिसतोच. त्याला व्हीपीएन लागतं."

"ते काय?"

"आपलं पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालायचं. केबलवाल्याला फक्त मोठं पाकीट दिसतं आणि तेही दुसऱ्याच कोणाचा पत्ता असलेलं. तिथे पोहोचल्यावर ते उघडून आतलं पुढे पाठवतात."

"म्हणजे त्या दुसऱ्यांना दिसतं," मी कणीक मळता मळता म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला बरं वाटलं हे मला दिसलं. "दिसतं. म्हणून फुकटचं घ्यायचं नाही. जे फुकट देतात ते पाकिटं वाचूनच पोट भरत असणार. आज दुपारीच नीट चौकशी करून विकतचं घेतलंय मी. तरी सगळं झाकलं, असं मी म्हणणार नाही. साइटला आपण कोण ते माहीतच असतं, आपणच नाव लिहितो तिथे."

"त्यापेक्षा मोबाइलचं नेट वापरायचं," मी म्हटलं. "सोपं."

"तिथेही कंपनीला दिसतं, वहिनी. फक्त ती कंपनी दादाला स्थळ सुचवत नाही. त्या माहितीचं काय करते ते आपल्याला माहीत नाही. केबलवाल्याचं निदान कळलं तरी. तिला जाऊन कोणत्या खुर्चीवर बसून विचारू?"

 मी पोळ्या लाटायला घेतल्या.

ह्यांनी आपला फोन पुढे केला. "माझ्यावर पण लाव ते."

"तुमचं काय आहे झाकायला?" मी विचारलं. आम्हा दोघींनाही माहीत आहे की ते टकलावर केस उगवायचे व्हिडिओ बघतात.

"काही नाही," ते म्हणाले. "पण जे नाही, तेही का दिसावं कोणाला?"

दिवसभरात ते बोलले त्यातलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं. नणंदेने त्यांचा फोन घेतला आणि लावून दिलं. जेवणं चालू असताना शेजारी केबलवाल्याचा आवाज आला, चूक झाली भाभी, आणि मग शेजारणीचा, बसा, चहा घ्या. तो म्हणाला, बिगर शक्कर की.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आकाशी साडी नेसून भुसावळच्या गाडीला निघाली. लॅबमधून तिने सुट्टी घेतली होती. मी डब्यात चार पोळ्या, गिलक्याची भाजी आणि वर दराब्याची पुडी ठेवली. दराबा दोघांना पुरेल एवढा ठेवला. नाही म्हणायचं असेल तरी गोड खाऊन म्हणता येतं. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. तो काय करतो, घरी कोण आहे, तिचा विचार काय आहे, हेही विचारलं नाही. न विचारणं मला सोपं गेलं नाही. डबा दोनदा उघडून बंद केला, तेवढ्यात ती दारातून बाहेर पडली.

पलीकडच्या घरातली बाई दारात पाणी शिंपत होती. तिला काही माहीत नव्हतं. तिने रिक्षात बसणारी नणंद बघितली आणि मला विचारलं, "क्यों भाभी, ताई सकाळी सकाळी कुठे निघाल्या नटून?"

"त्यांचं काम आहे," मी म्हटलं.

"कसलं?"

मी मिरच्यांचं पोतं उचललं आणि कांडप गिरणीच्या वाटेला लागले.